शिबिराची फी नव्हे, तास मोजा

उन्हाळी शिबिराची जाहिरात वाचताना फीच्या आधी वेळ बघा. बहुतेक शिबिरं सकाळी दोन-तीन तासांत आटोपतात. ऑफिस मात्र संध्याकाळपर्यंत. मग पाळणाघराचे पैसे वेगळे, आणि भर दुपारी मुलाला तिथे पोचवणार कोण? म्हणून एकूण खर्चाला सांभाळण्याच्या तासांनी भागा. स्वस्त वाटलेलं शिबिर बरेचदा महाग निघतं. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने पाळणाघराची जबाबदारी टाकली. मूल लहान असेल तर ऑफिसात नि:संकोच विचारा, तो हक्क आहे.

पाळणाघराचे पैसे भरण्यापूर्वी एकदा जेवणानंतरच्या वेळेला, न कळवता तिथे जाऊन या. मुलं कुठे झोपतात, पंखा चालतो का, फाटकाशी कोण बसलंय, हे माहितीपत्रकात कधीच नसतं.