मिठाला साखरेची सोबत

बाळाला जुलाब लागले की घरातले कोणीतरी हमखास सांगते, ‘पाणी पाजू नका, आणखी होतील.’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो. जुलाबात मूल दगावते ते बहुतेक वेळा शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. मग जलसंजीवनी म्हणजेच ओआरएस पोटात टिकते कशी?

आतड्याच्या आतील पेशींभोवती स्निग्ध पदार्थाचे अतिशय पातळ पटल असते. तेलात मीठ विरघळत नाही हे आपण स्वयंपाकघरात पाहतोच. त्यामुळे मिठातल्या सोडियमला हे पटल आपणहून ओलांडता येत नाही, त्याला प्रथिनांची दारे लागतात. त्यातल्या एका दाराची अट मोठी गमतीची आहे. सोडियमचे दोन आणि ग्लुकोजचा एक कण एकत्र आले तरच ते दोघांना आत घेते. त्यांच्या मागोमाग पाणीही शोषले जाते. ही जोडी १९६०मध्ये रॉबर्ट क्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिली.

कॉलऱ्याचे विष पेशींतली क्लोराइडची दारे उघडी ठेवते, क्षार आतड्यात झिरपतात आणि पाणी त्यांच्यामागे धावते. नुसते मीठ शोषून घेणेही मंदावते. साखर-मिठाचे दार मात्र शाबूत राहते!

१९७१मध्ये बांगलादेश युद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करून घेतले. रुग्णांना ते पाजायचे काम नातेवाइकांनीच केले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होते, त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ते चार टक्क्यांच्या आत आले.

जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत. ‘काही उपयोग नाही’ म्हणून ती बंद करणारे पालक म्हणूनच फसतात. दुसरी चूक प्रमाणाची. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर द्रावण फार दाट होते. साखर जास्त झाली, तर ती उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते. गोड सरबते आणि शीतपेये जुलाबात नकोत, ती याच कारणासाठी.

पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. साध्या साखरेतूनही आतड्यात ग्लुकोज सुटतेच. चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. उरलेले द्रावण २४ तासांनी टाकून द्यावे. बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा, वाटेतही पाजत राहावे.