ठिणगीखालचं तेल

भोसरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये ठिणग्यांनी धातूला आकार देणाऱ्या स्पार्क मशीनपाशी पोचलं की आधी जाणवतो तो तेलाचा वास. टाकीत तेलाखाली बुडालेला जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, त्यावर सावकाश उतरणारा तांब्याचा इलेक्ट्रोड आणि दोघांमधल्या केसाएवढ्या फटीत सेकंदाला हजारो ठिणग्या. प्रत्येक ठिणगीचं तापमान ८ ते १२ हजार अंश सेल्सिअस. तिच्या टोकाशी धातूचा कण वितळतो, उडतो, तेलाबरोबर वाहून जातो. इलेक्ट्रोड जॉबला टेकतच नाही, त्यामुळे पाणी दिलेलं पोलाद असो की टंगस्टन कार्बाइड, धातूच्या कठीणपणाची अडचण उरत नाही.

या तंत्राचा पाया १९४३ मध्ये मॉस्कोत बोरिस आणि नताल्या लाझारेन्को या दांपत्याने घातला. विजेच्या संपर्कबिंदूंची ठिणग्यांनी होणारी झीज त्यांना थांबवायची होती. ती थांबेना, पण तेलात ती आवरता येते हे दिसलं, आणि त्यांनी झिजेलाच कामाला जुंपलं.

तेव्हापासून रॉकेल आणि खनिज तेलं या यंत्राच्या टाकीत आहेत. रॉकेल पातळ असल्याने कचरा चटकन धुऊन नेतं, पण साधारण ४० अंशांनाच त्याची वाफ पेट घेऊ शकते. तेलाची पातळी जॉबच्या खाली गेली तर आग लागू शकते. शुद्ध केलेल्या स्पार्क ऑइलने हा धोका कमी झाला; धूर राहिलाच. ठिणगीत तेलाचे रेणू फुटतात, त्यातून काजळी आणि बेंझिनसारखी घातक संयुगं निघतात. दिवसभर टाकीवर वाकून उभा असलेला ऑपरेटर तीच हवा ओढतो. सुधारणेची निकड खरी इथे आहे.

म्हणूनच रॉकेलला पर्याय म्हणून करंज, मोगली एरंड, सूर्यफूल यांची तेलं, इतकंच काय, तळणीचं उरलेलं तेलही भारतात आणि बाहेर तपासून झालं आहे. ही तेलं साधारण २०० अंशांच्या पुढेच पेट घेतात, सांडली तर मातीत कुजतात. अनेक प्रयोगांत धातू काढण्याचा वेगही रॉकेलइतका किंवा त्याहून बरा आला.

खोड आहे ती दाटपणात. करंजाचं तेल रॉकेलच्या वीसपटीहून अधिक दाट. खोल, अरुंद खाचेतून कचरा बाहेर येत नाही, एकाच जागी ठिणग्या पडत राहतात आणि जॉब जळतो. बायोडिझेलसाठी करतात तशी मिथेनॉलची प्रक्रिया केली, की तेल बरंच पातळ होतं. मग उरतो टिकाऊपणा: हवा आणि उष्णतेने वनस्पती तेल चिकट होतं, फिल्टर तुंबतो.

प्रयोगशाळेतल्या चाचण्या बहुधा काही तासांच्या असतात. टूलरूमच्या टाकीत तेच तेल महिनोन् महिने राहतं. लिटरमागे भाव किती आणि तेल किती महिने टिकेल, याचे खात्रीचे आकडे हाती आल्याशिवाय छोटा कारखानदार टाकी रिकामी करणार नाही. संशोधकांनी आता ते मोजावेत, आणि सोबत मशीनपाशी हवेत किती धूर उरतो, तेही.