समुद्रतळाचे बटाटे

गेल्या वर्षी आमच्या गराजमध्ये इलेक्ट्रिक गाडी आली. बॅटरीतलं कोबाल्ट येतं कुठून, हे शोधू लागलो. बरंचसं काँगोच्या खाणींतून. पण आता कंपन्यांची नजर चार-पाच किलोमीटर खोल समुद्राच्या तळावर आहे. (डॉक्टरेट इंजिनिअरिंगची, पोट सॉफ्टवेअरवर, जीवशास्त्राशी पुन्हा गाठ पडली ती अशी!)

तिथल्या मऊ गाळावर बटाट्याएवढे काळे गोटे पसरलेले असतात. शार्कच्या एखाद्या दाताभोवती मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट थराथरानं साचतं. दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजानं २६ जानेवारी १९८१ला अरबी समुद्रातून असे गोटे वर काढले. पुढे मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र भारताला शोधकार्यासाठी मिळालं.

मग उचलावेत की! पण त्या गाळात टणक जागा काय ती एवढीच. स्पंज या गोट्यांना धरून वाढतात. पेरूजवळच्या खोल समुद्रात तर ऑक्टोपसची मादी मेलेल्या स्पंजाच्या देठावर अंडी घालून त्यांना कवटाळून बसलेली दिसली. तिथेच १९८९मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी मुद्दाम तळ नांगरून पाहिला होता. २०१५मध्ये परत गेले, तर नांगराचे चर स्पष्ट दिसत होते. सव्वीस वर्षं!

मुलगी म्हणाली, "बाबा, मग गाडी परत करायची?" परत नाही करणार. पुढची मात्र लोह-फॉस्फेट बॅटरीची घेऊ. तिच्यात कोबाल्ट नसतं, निकेलही नाही.