सिल्वासातील छोटा घरमालक
ज्याचा चरितार्थ दोन-तीन जुन्या कौलारू खोल्यांच्या भाड्यावरच चालतो, त्या मालकाला पावसाळ्यापूर्वी कौले शाकारण्याचा आणि वाळवीने पोखरलेला वासा बदलण्याचा खर्च त्याच तुटपुंज्या उत्पन्नातून भागवावा लागतो. सिल्वासा ज्यात येते त्या दादरा-नगर हवेली व दमण-दीवसाठीच्या भाडेविषयक विनियमास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. अशा नियमांसाठी नमुना म्हणून केलेल्या केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, मुदतीनंतर ताबा न सोडणाऱ्याने पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाडे द्यावे, अशी तजवीज आहे. त्याच कायद्यानुसार, वेगळे ठरले नसल्यास इमारतीची डागडुजी मालकाकडे, मोरीची सफाई भाडेकरूकडे. ही वाटणी न्याय्यच म्हणावी. तोंडी कबुलीवर विसंबू नका. करारनामा लेखीच करा.