जनसुनावणीला जाण्याआधी

कायदा : पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खालची १४ सप्टेंबर २००६ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन (ईआयए) अधिसूचना. प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीआधीची जनसुनावणी तिच्यानुसार होते.

नोटीस : किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात.

अहवाल कुठे पाहाल : ईआयए अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात. सारांश मराठीतही हवाच.

अभ्यास कोण करतं : प्रकल्पवाल्यानेच पैसे देऊन नेमलेला सल्लागार. म्हणून तक्ते बारकाईने वाचा. हवा-पाण्याचे नमुने पुष्कळदा पावसाळा वगळून एकाच हंगामातले असतात. फक्त पावसाळ्यात वाहणारा तुमचा ओढा त्यात सापडेलच, असं नाही.

सुनावणी : अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी. चित्रीकरण सक्तीचं. गणपूर्तीची अट नाही. मोजकी माणसं आली तरी सुनावणी ग्राह्य.

मधेच उठू नका : शेवटी कामकाजाचा गोषवारा मराठीत वाचून दाखवावा लागतो. आपला मुद्दा गाळलेला दिसला तर तिथेच हरकत घ्या. लेखी निवेदन दिलं असेल तर पोच घेतल्याशिवाय हलू नका.

सूट कुणाला : राष्ट्रीय संरक्षणाशी निगडित प्रकल्पांना जनसुनावणी लागत नाही.