मंगळावरचे जुने शेजारी

"मंगळावर माणसाला श्वास घेण्याजोगी हवा नाही, नद्या नाहीत, कालवे नाहीत, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मग तिथल्या लोकांच्या गोष्टी तू अजून कशाला वाचतोस?" गेल्या सत्रात माझ्या वर्गमित्राने मला हा प्रश्न विचारला. माझ्या हातात रद्दीच्या दुकानातून आणलेला, कडा पिवळ्या पडलेला एक जाड इंग्रजी कथासंग्रह होता. प्रश्न चेष्टेचा होता खरा. पण मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपण आज ज्याला खुळचटपणा म्हणतो, तो त्या काळी पुष्कळदा विज्ञानच होते. १८७७ साली स्कियापारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला दुर्बिणीतून मंगळावर रेषा दिसल्या. त्याने त्यांना 'कानाली' म्हटले. इंग्रजीत त्याचे 'कॅनॉल' झाले. आपल्याकडे ओघळ आणि कालवा यांत जो फरक, तोच इथे. ओघळ आपोआप पडतो, कालवा कोणीतरी खणावा लागतो. मग खणणारे कोण? अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल याने १८९४ साली अ‍ॅरिझोनात वेधशाळा उभारली आणि उत्तर दिले : वाळत चाललेल्या ग्रहावर ध्रुवांकडचे पाणी आणणारे शहाणे लोक. रेषा म्हणजे निव्वळ दृष्टिभ्रम होता. अंधुक ठिपके डोळा आपोआप जोडतो, एवढेच. पण मरणपंथाला लागलेला ग्रह आणि त्यावरची पुरातन संस्कृती ही कल्पना लेखकांच्या हाती लागली ती कायमची.

वेल्सने १८९८ च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये हेच मंगळवासी इंग्लंडवर सोडले आणि प्रारंभीच वाचकाला आठवण करून दिली की, टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे युरोपियनांनी काय केले ते पाहा आणि मग मंगळवासीयांना बोल लावा. साम्राज्य ऐन भरात असताना हे लिहिणे सोपे नव्हते. १९१२ साली एडगर राइस बरोजचा नायक मात्र अ‍ॅरिझोनातल्या एका गुहेतून नुसत्या इच्छेच्या बळावर मंगळावर पोचतो, तलवार गाजवतो आणि अंडी घालणाऱ्या वंशातील राजकन्येशी लग्न करतो! तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून तो लांब उड्या मारतो, तेवढे गणित बरोबर आहे. बाकी सगळे दिवाणखान्यातले शौर्य. मी हे पुस्तक अर्ध्यावर दोनदा सोडले आहे.

पण माझ्या हातातल्या संग्रहाची गोष्ट वेगळी. तो रॉबर्ट सिल्व्हरबर्गने १९७० साली संपादित केलेला. त्यातली पहिलीच कथा स्टॅन्ली वाइनबॉमची 'अ मार्शियन ओडिसी'. १९३४ च्या जुलैमध्ये 'वंडर स्टोरीज' या मासिकात ती प्रसिद्ध झाली, आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, वाइनबॉम वारला.

कथा साधी आहे. जार्विस नावाचा रसायनशास्त्रज्ञ यान बिघडल्याने मंगळाच्या वाळवंटात एकटा पडतो आणि तळाकडे पायी निघतो. वाटेत त्याला ट्वील भेटतो : शहामृगासारखा, चोचवाला, पण पक्षी नव्हे. दोघे बरोबर चालू लागतात. त्यांना विटांच्या मनोऱ्यांची एक रांग लागते. आधी वीतभर उंचीचे, झिजलेले, मग मोठे मोठे होत गेलेले. शेवटच्या मनोऱ्यात तो बांधणारा प्राणी सापडतो. तो सिलिकॉनचा आहे. कार्बनचे ज्वलन झाले की वायू तयार होतो, तो आपण उच्छ्वासाने टाकतो. सिलिकॉनचे ज्वलन झाले तर तयार होते सिलिका, म्हणजे घन पदार्थ, जवळजवळ वाळूच! तेव्हा हा प्राणी ठराविक वेळाने एकेक वीट बाहेर टाकतो आणि आपल्याभोवती रचतो. ना त्याला बुद्धी, ना हेतू. अकरावीच्या रसायनशास्त्रातले एक वाक्य घेऊन त्यातून असा प्राणी घडवणे, याला मी प्रतिभा म्हणतो. आणि मंगळावर असा प्राणी नाही हे कळल्याने तिला काही बाधा येत नाही.

तरी माझे मन अडकले ते ट्वीलपाशी. जार्विसला त्याच्या भाषेतला एकही शब्द उमगत नाही. ट्वील मात्र इंग्रजीचे पाच-सहा शब्द उचलतो आणि तेवढ्यावर काम भागवतो. वाटेत भेटलेल्या पिंपासारख्या जीवांविषयी त्याला सांगायचे असते की, यांना थोडी अक्कल आहे, फार नाही. तो म्हणतो, एक-एक-दोन होय, दोन-दोन-चार नाही! जार्विस नंतर आपल्या सोबत्यांना विचारतो, त्याच्या भाषेतले सहा शब्द घेऊन मला इतके सांगता आले असते का?

येथे मला थोडे थांबावे लागले. आरंभीचा प्रश्न विचारणारा माझा मित्र या अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. आम्ही तीन वर्षे एका बाकावर बसतो. तो माझ्याशी सफाईदार मराठीत बोलतो, वादही मराठीतच घालतो. माझे कन्नड मात्र 'ऊटा आयता?' आणि 'गोत्तिल्ला' यांच्यापुढे सरकलेले नाही. मी आजवर याला त्याचा स्वभाव समजत होतो.

आता दुसरी बाजू. ट्वीलचा एवढा मान राखणाऱ्या याच कथेत, त्याच संभाषणात, पृथ्वीवरच्या नेग्रिटो लोकांविषयी एक शेरा आहे : त्यांच्या भाषेत सामान्य नामे नाहीत, कारण पावसाचे पाणी आणि समुद्राचे पाणी एकच, हे ओळखण्याइतकेही ते प्रगत नाहीत. ज्याला परग्रहावरच्या चोचवाल्यात बुद्धी दिसली, त्याला आपल्याच ग्रहावरच्या माणसांत ती दिसू नये! यानातले चौघेही पुरुषच. कथेत स्त्री आहे ती केवळ भास म्हणून. 'काळच तसा होता' हे उत्तर मला पुरत नाही, कारण छत्तीस वर्षे आधी वेल्स टास्मानियाबद्दल लिहून गेला होता. हवेबद्दलच्या चुकीला वाइनबॉम जबाबदार नाही. या शेऱ्याला आहे. जुनी विज्ञानकथा वाचताना या दोन चुका मी वेगळ्या धरतो. पहिलीला हसतो. दुसरीपाशी पुस्तक मिटावेसे वाटते, पण मिटत नाही, कारण पुढच्या पानावर ट्वील असतो.

१९६५ च्या जुलैमध्ये 'मरिनर ४' मंगळाजवळून गेले आणि त्याने जेमतेम बावीस छायाचित्रे पाठविली. त्यांत चंद्रासारखी विवरे होती. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी निघाला. लॉवेलचा मंगळ त्या दिवशी संपला. आपले मंगळयानही २०१४ च्या सप्टेंबरात तिथे पोचले. रे ब्रॅडबरीच्या १९५० च्या 'द मार्शियन क्रॉनिकल्स'मध्ये प्रकरणांना १९९९ ते २०२६ अशा तारखा होत्या. १९९७ च्या आवृत्तीत त्या एकतीस वर्षांनी पुढे ढकलल्या. मला हे रुचले नाही. जुन्या पंचांगात खाडाखोड करून ते नवे होत नाही.

संग्रह सध्या माझ्या मित्राकडे आहे. ती कथा त्याने एका रात्रीत वाचली. नेग्रिटोंच्या शेऱ्यापाशी त्याने पेन्सिलीने समासात काहीतरी लिहिले आहे. ते कन्नडमध्ये आहे. अर्थ त्याला न विचारता लावायचा असे मी ठरवले आहे. आतापर्यंत चार अक्षरे लागली.