ग्राहकांची सामायिक वही विक्रेत्याला सोपी कशी व्हावी ?

व्यापार मालाइतकाच ओळखीवर चालतो. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता माल लागतो, तो दिवाळीपूर्वीं खरेदी करतो कीं नंतर, उधारी किती दिवसांत फेडतो, मागल्या खेपेस माल उशिरां पोंचल्यामुळें तो रागावला होता काय, हें सारें जुन्या दुकानदाराच्या ध्यानांत असे. आणि जें ध्यानांत राहण्यासारखें नसे, तें खतावणींत सांपडे. पेढी लहान असेपर्यंत ही व्यवस्था पुरते. परंतु पन्नास फिरते विक्रेते नेमले गेले, म्हणजे पेढीची स्मृति पन्नास डोक्यांत आणि पन्नास खिशांतील डायऱ्यांत वांटली जाते. त्यांतील एक मनुष्य नोकरी सोडून गेला, कीं त्याच्याबरोबर शेंदोनशें गिऱ्हाइकांचा इतिहासहि निघून जातो. त्याच्या जागीं आलेला नवखा विक्रेता त्याच दारांत उभा राहतो, तेव्हां 'हें सारें मागेंच सांगून झालें आहे' असे कंटाळलेले शब्द त्याला ऐकावे लागतात.

ह्या अडचणीवर जें साधन निघालें, त्याला 'कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट', म्हणजे ग्राहक-संबंधांची व्यवस्था, असें भारदस्त नांव आहे. व्यवहारांत 'सीआरएम' हीं आद्याक्षरेंच रूढ आहेत. वस्तुतः ही सर्वांनीं मिळून लिहावयाची, संगणकांत ठेवलेली एक वही होय. तिचा वंश जुना आहे. १९५६ सालीं अमेरिकेंत 'रोलोडेक्स' नांवाचें फिरतें चक्र तयार झालें. त्यावर नांवांच्या चिठ्ठ्या लावीत आणि चक्र फिरवून हवी ती काढीत. १९८७ मध्यें 'ॲक्ट' ह्या प्रणालीनें तेंच काम संगणकाच्या पडद्यावर आणलें. १९९३ मध्यें टॉम सीबेल व पॅट हाउस ह्यांनीं स्थापिलेल्या 'सीबेल सिस्टिम्स'नें मोठमोठ्या कंपन्यांना ही वही पुरविली. १९९९ मध्यें निघालेल्या 'सेल्सफोर्स' कंपनीनें ती इंटरनेटवर ठेवली, आणि कचेरींत स्वतंत्र यंत्रसामुग्री उभारण्याचें कारण उरलें नाहीं. पुढें 'झोहो' ह्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या कंपनीनेंहि २००५ मध्यें आपली सीआरएम बाजारांत आणली.

साधन असें सुधारत गेलें, तरी एक तक्रार मात्र टिकून राहिली. ज्यांच्या हातीं ही वही दिली, ते विक्रेतेच तींत लिहीत नाहींत. किंवा महिना संपतां संपतां एका रात्रींत सारा महिना लिहून काढतात. वरिष्ठ ह्याला आळस म्हणतात. पण तोच मनुष्य उन्हातान्हांत दिवसाला आठ ठिकाणीं फिरतो, त्याला आळशी कसें म्हणावें ? अमेरिकन संशोधक जोनाथन ग्रुडिन ह्यांनीं १९८८ सालीं अशा सामायिक साधनांच्या अपयशाचें एक मूळ दाखवून दिलें. ज्याला जादा श्रम पडतात, त्याला लाभ मिळत नाहीं. आणि ज्याला लाभ मिळतो, त्याला श्रम पडत नाहींत. सीआरएमच्या बाबतींत हें फार खरें आहे. लिहावयाचें विक्रेत्यानें, आणि आलेख पाहावयाचे साहेबांनीं ! हा तोल सुधारल्यावांचून नुसतीं बटणें रंगविल्यानें कांहीं साधत नाहीं.

श्रमाचा हिशेब मांडून पाहावा. समजा, एक पंपविक्रेता दिवसाला आठ कारखान्यांना भेट देतो आणि प्रत्येक भेटीची नोंद करण्यास त्याला सहा मिनिटें लागतात. म्हणजे रोजचीं ४८ मिनिटें झालीं. महिन्याच्या २५ दिवसांत २० तास झाले. हीच नोंद एका मिनिटांत झाली, तर महिन्याला ३ तास २० मिनिटें पुरतात. वांचलेले १६ तास ४० मिनिटें म्हणजे दोन पूर्ण दिवसांचें काम. ज्याची मिळकत कमिशनवर अवलंबून आहे, त्याच्या घरच्या दृष्टीनें हे दोन दिवस क्षुल्लक नव्हेत.

सुधारणेची पहिली पायरी म्हणजे रकाने कमी करणें. प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारावा : ह्या उत्तरामुळें कोणता निर्णय बदलतो ? ज्याच्यामुळें कांहींच बदलत नाहीं, तो रकाना काढून टाकावा. पुष्कळ कचेऱ्यांतून रकाने वाढत जातात. कारण एखाद्या बैठकींत कोणी एक माहिती मागतो, त्यासाठीं रकाना जोडला जातो, आणि मागणारा बदलून गेला तरी रकाना तेथेंच राहतो. त्यांतहि 'भरल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं' असे सक्तीचे रकाने फार असले, म्हणजे मनुष्य खोटें लिहावयास शिकतो. दूरध्वनीच्या जागीं दहा वेळां नऊचा आंकडा आणि पत्त्याच्या जागीं नुसतें टिंब, हीं सक्तीचीं फळें होत. कोरा रकाना निदान प्रामाणिक असतो. खोटा रकाना वाचणाऱ्याला फसवितो.

दुसरी पायरी म्हणजे योग्य वेळीं विचारणें. पहिल्या चौकशीच्या वेळीं नांव, दूरध्वनि आणि काय हवें आहे, एवढें पुरे. किंमत, तिची मुदत व देण्याघेण्याच्या अटी हे प्रश्न दरपत्रक देण्याची वेळ आली म्हणजे विचारावे. सौदा जसा पुढें सरकेल, तसे प्रश्न उलगडत जावे.

तिसरी गोष्ट, जें यंत्राला ठाऊक आहे, तें माणसाला विचारूं नये. तारीख व वेळ यंत्र जाणतें; फोन किती मिनिटें चालला, पत्र कोणास गेलें, हेंहि त्याला टिपतां येतें. गिऱ्हाइकाच्या व्हिजिटिंग कार्डाचें छायाचित्र घेतलें, तर त्यावरील अक्षरें यंत्र वाचूं शकतें. तपासून पाहणें एवढेंच मग विक्रेत्याकडे उरतें. नवें नांव लिहूं लागतांच तसेंच एखादें जुनें नांव समोर दाखवावें, म्हणजे एकच गिऱ्हाईक वहींत तीन वेळां शिरत नाहीं. जेकब नील्सन ह्यांनीं १९९४ मध्यें सोप्या रचनेचीं जीं दहा सूत्रें मांडलीं, त्यांतील एक असें कीं, माणसाला आठवावयास लावण्यापेक्षां समोर पाहून ओळखूं द्यावें. हा त्याचाच उपयोग होय.

चौथी गोष्ट स्थळाची. आंखणारा थंड खोलींत मोठ्या पडद्यासमोर बसतो. विक्रेता मात्र कारखान्याच्या फाटकाबाहेर, एका हातांत हेल्मेट व दुसऱ्या हातांत मोबाईल घेऊन उभा असतो. विल्यम हिक ह्यांनीं १९५२ मध्यें दाखविलें कीं, पर्यायांची संख्या वाढली म्हणजे निवडीला लागणारा वेळहि वाढतो. पॉल फिट्स ह्यांनीं १९५४ मध्यें दाखविलें कीं, लक्ष्य जितकें लहान व दूर, तितका तेथें हात पोंचण्यास वेळ अधिक. म्हणून पर्याय थोडे असावे, बटणें मोठीं असावीं आणि तीं अंगठ्याच्या टप्प्यांत असावीं. घाटांत मोबाईलला रेंज नसते. तेथें केलेली नोंद यंत्रानें आपल्यापाशीं जपून, रेंज मिळतांच वहींत पोंचती करावी. एकदां लिहिलेलें नाहींसें झालें, कीं विक्रेत्याचा विश्वास सहसा परत येत नाहीं.

पांचवी गोष्ट भाषेची. विक्रेते ज्याला 'चौकशी', 'कोटेशन', 'ऑर्डर' व 'येणें बाकी' म्हणतात, त्याला यंत्रानेंहि तेंच म्हणावें. परदेशीं बनलेले अवघड शब्द जसेच्या तसे ठेवले, तर दोघे विक्रेते त्यांचे दोन अर्थ करतात आणि अहवाल फसतो. सांगलीच्या किंवा जळगांवच्या विक्रेत्याला मराठींत लिहिण्याची अथवा बोलून नोंद करण्याची सोय असावी.

परंतु ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट परतफेडीची. विक्रेत्यानें वही उघडतांच साहेबांचे आलेख न दिसतां त्याचें स्वतःचें आजचें काम दिसावें : कोणाला फोन करावयाचा, कोणाचें दरपत्रक मुदतीबाहेर चाललें आहे, कोणाकडे बाकी आहे, आणि भेटीपूर्वीं लक्षांत ठेवण्यासारखें काय आहे. जी वही सकाळीं उपयोगीं पडते, तींत सायंकाळीं लिहावेसें वाटतें.

येथें विश्वासाचा प्रश्न येतो. तींतील प्रत्येक नोंद उद्यां जाब विचारण्यासाठीं वापरली जाणार असेल आणि विक्रेता कोठें किती वेळ थांबला ह्यावर सतत पहारा असेल, तर तो सुरक्षित तेवढेंच लिहील. 'सौदा हातचा जाण्याचा संभव आहे' हें वाक्य लिहिणाऱ्याला शिक्षा न होतां मदत मिळाली पाहिजे; नाहीं तर पेढीला वाईट बातमी नेहमींच उशिरां कळेल. गिऱ्हाइकाचाहि ह्या वहींत हक्क आहे. भारतांत २०२३ मध्यें व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. कामापुरतीच माहिती घ्यावी, हें त्याचें एक तत्त्व आहे. रकाने कमी करणें हें अशा रीतीनें सोयीचें तसेंच सचोटीचेंहि आहे.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें संभाषणाचा गोषवारा आपोआप तयार करतां येतो. ह्यानें श्रम पुष्कळ वांचतात; पण यंत्र चुकतें. म्हणून गोषवारा वहींत जाण्यापूर्वीं विक्रेत्याच्या नजरेखालून गेला पाहिजे, आणि संभाषण टिपलें जात असल्यास गिऱ्हाइकाला तें आधीं सांगितलें पाहिजे.

वही सोपी झाली कीं नाहीं, हें ठरविण्याचा मार्ग साधा आहे. पांच विक्रेत्यांना एकेक करून बसवावें, 'कालच्या भेटीची नोंद करा' एवढेंच सांगावें, आणि शिकविण्याचा मोह आवरून ते कोठें अडखळतात तें पाहावें. मोठे दोष ओळखण्यास अशीं थोडीं माणसें पुरतात, असें नील्सन ह्यांनीं २००० मध्यें प्रतिपादिलें. दोष दुरुस्त करून पुन्हां पांचजणांना बसवावें.

सारांश, विक्रेत्याला यंत्राच्या वळणावर नेण्यापूर्वीं यंत्राला त्याच्या दिनक्रमाच्या वळणावर आणलें पाहिजे. तसें झालें, म्हणजे एक मनुष्य गेल्यानें गिऱ्हाईक पोरकें होत नाहीं, नव्या माणसाला जुन्याच्या अनुभवाचा आधार मिळतो, आणि दिवसभर हिंडून आलेला विक्रेता रात्रीं वही भरीत न बसतां आपल्या मुलांमाणसांत बसूं शकतो.